शिम घातली की चालतं

थोरल्याच्या लग्नाची पत्रिका ज्या दुकानात केली, तिथेच धाकट्याची करायची, असा अनेक घरांचा रिवाज असतो. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, गुलमंडीच्या बाजूला डीटीपीची लहान लहान दुकानं आहेत. लग्नसराईत अशा दुकानात ‘मागची होती तशीच करा, फक्त नावं बदला’ म्हणणारं गिऱ्हाईक हमखास येतं. मागची फाइल सापडते, पण ती निघते पेजमेकरची.

पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने आणला. १९९४मध्ये आल्डसच अॅडोबीत विलीन झाली, २००१मध्ये पेजमेकर ७ आला आणि २००४मध्ये त्याचा पुढचा विकास थांबला. मराठी छपाईच्या धंद्याने मात्र त्याला सोडलं नाही. पत्रिका, बिलबुकं, संमेलनांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, कवितासंग्रह असं सगळं त्याच्या पानांवर रचलं गेलं. दुकानातला संगणक तर बदलावाच लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आणि नवा संगणक घेतला की त्यात विंडोज ११च येतं. म्हणजे यंत्र आजचं आणि काम करणारं सॉफ्टवेअर पाव शतकापूर्वीचं. दोघांची गाठ घालून देण्याचं काम ऑपरेटरच्या एका राइट क्लिकवर असतं.

आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात कम्पॅटिबिलिटी नावाचा टॅब. तिथे खूण करायची, यादीतून ‘विंडोज एक्सपी’ निवडायचं, खाली ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ यावरही खूण करायची. बहुतेक वेळा एवढ्यावर पेजमेकर उघडतो. ऑपरेटरच्या बोलीत याला ‘कम्पॅटिबिलिटीला टाकणं’ म्हणतात.

त्या खुणेमागे काय घडतं, ते या शहराला समजावून सांगणं सोपं आहे, कारण त्यासाठी संगणकशास्त्रात वापरतात तो शब्द वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत रोज कानावर पडतो. शिम. लेथवर टूलचं टोक सेंटरच्या उंचीला येत नसेल तर टूलखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवतात. डायची बैठक किंचित कमी पडली तर खाली शिम घालतात. टूल घासायचं नाही, मशीन कापायचं नाही, मधला केसाएवढा फरक भरून काढायचा. विंडोजमधली शिम नेमकी हेच करते. जुना प्रोग्रॅम विंडोजकडे काहीतरी मागतो, ती मागणी वाटेत अडवली जाते आणि प्रोग्रॅमला सवयीचं असेल तसं उत्तर दिलं जातं. प्रोग्रॅमची एक ओळही बदलत नाही आणि विंडोजही बदलत नाही.

सर्वांत साधी शिम आवृत्तीचा आकडा सांगते. जुने प्रोग्रॅम सुरू होताना आधी विचारतात, ‘हे विंडोज कितवं?’ एक्सपीचा आतला क्रमांक ५.१, व्हिस्टाचा ६.०. आता एखाद्या प्रोग्रॅमरने अट लिहिली असेल की मुख्य आकडा ५ किंवा जास्त हवा आणि दशांशानंतरचा १ किंवा जास्त हवा, तर व्हिस्टावर ती अट मोडते. ६ हे ५पेक्षा मोठं, पण ० हे १पेक्षा लहान. काम करण्याची ताकद असलेला प्रोग्रॅम निव्वळ आकड्यांच्या तुलनेतल्या चुकीने ‘तुमचं विंडोज जुनं आहे’ म्हणून बंद पडतो. एक्सपीची खूण केली की त्याला ५.१ असं उत्तर मिळतं आणि तो निमूट कामाला लागतो. पुढे विंडोज ७ला आतून ६.१ हा क्रमांक मिळाला तोही अशाच घोटाळ्यांच्या धास्तीने, आणि विंडोज ११ आजही आतून स्वतःचा क्रमांक १०.० सांगतं.

अॅडमिनिस्ट्रेटरच्या खुणेमागे वेगळी गोष्ट आहे. एक्सपीच्या काळात घरचा आणि दुकानातला जवळजवळ प्रत्येक वापरणारा संगणकाचा पूर्ण मालक असे. त्यामुळे प्रोग्रॅम आपल्या नोंदी बेधडक ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या सामायिक फोल्डरमध्ये लिहीत. व्हिस्टापासून तिथे अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराशिवाय लिहायला मनाई झाली; खूण केली की तो अधिकार परत मिळतो. खूण केली नसली तरी असे प्रोग्रॅम सरसकट कोसळू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक सोय केली. प्रोग्रॅम सामायिक फोल्डरमध्ये लिहायला गेला की त्याचं लिखाण गुपचूप त्या वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरात वळवायचं. प्रोग्रॅमला वाटतं, हवं तिथे लिहिलं. यातून एक गोंधळ मात्र होतो. एकाच संगणकावर दोघांची वेगवेगळी लॉगिन असतील, तर सकाळच्या ऑपरेटरने केलेलं सेटिंग संध्याकाळच्याला दिसतच नाही.

ही काळजी मायक्रोसॉफ्टच्या सवयीत फार आधीपासून आहे. विंडोज ९५ तयार होत असताना ‘सिमसिटी’ हा लोकप्रिय खेळ त्यावर कोसळत होता. हा खेळ मेमरीचा एक तुकडा परत करून टाकी आणि नंतर पुन्हा त्यातूनच वाचायला जाई. जुन्या विंडोजवर ते खपून जायचं, कारण परत केलेला तुकडा लगेच दुसऱ्याला दिला जात नसे. चूक उघडच खेळ लिहिणाऱ्याची होती. तरीही विंडोज ९५मध्ये अशी तजवीज केली गेली की सिमसिटी चालू आहे असं दिसलं की परत केलेली मेमरी घाईने दुसऱ्याला द्यायची नाही. ज्याने पैसे मोजून खेळ विकत घेतला, त्याच्या दृष्टीने नवं विंडोज लावल्यावर खेळ बंद पडला तर दोष नव्या विंडोजचाच असणार, हा त्यामागचा विचार. आजही विंडोजच्या पोटात अशा हजारो प्रोग्रॅमची यादी असते. कुणीही खूण न करता त्यांना शिम मिळते.

पण पत्र्याच्या पट्टीला मर्यादा असतात. टूल उंचीला आणता येईल, लेथची जात बदलता येणार नाही.

अशी जातीची अडचण डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमांची आहे. नव्वदच्या दशकात पतसंस्था आणि आडत दुकानांसाठी कुणा ओळखीच्या प्रोग्रॅमरने फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेले हिशेब, किंवा अभियांत्रिकीच्या मुलांच्या पिढ्यांनी ज्याच्या निळ्या पडद्यावर सी शिकली तो टर्बो सी, हे १६ बिटांचे प्रोग्रॅम. ६४ बिटांचं विंडोज ते चालवतच नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच येतं. कम्पॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये कितीही खुणा करा, उपयोग नाही. तिथे डॉसबॉक्ससारखं सॉफ्टवेअर लागतं. ते नव्या संगणकाच्या आत जुना संगणकच उभा करतं, त्याच्या प्रोसेसरपासून साउंड कार्डापर्यंत सगळी नक्कल. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला असल्याने त्यात छपाईची सोय नाही, आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमला डॉट मॅट्रिक्सवर पावती काढल्याशिवाय अर्थ नाही. म्हणून कामाच्या प्रोग्रॅमांसाठी व्हीडॉससारखी वेगळी साधनं निघाली.

दुसरी अडचण हार्डवेअरची. मराठी फॉन्टची अनेक पॅकेजं डोंगलवर चालत. डोंगल संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं असेल तरच फॉन्ट चालू. शिम प्रोग्रॅमला फसवू शकते, पण डोंगलशी बोलणारा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि तिथे शिमचा हात पोहोचत नाही. ६४ बिटांच्या विंडोजला सही केलेला ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागतो. तो कंपनीने काढला नसेल तर विषय संपला. शिवाय नव्या संगणकाला ते रुंद पोर्टच नसतं. म्हणून अनेक ठिकाणी कोपऱ्यात एक जुना सीपीयू जपलेला असतो आणि त्यावर चिठ्ठी असते, ‘फॉरमॅट मारू नये’.

कारखान्यांतही हेच दिसतं. सीएनसी मशीन वीस-पंचवीस वर्षं सहज काम देतं, त्याला प्रोग्रॅम पाठवणारा संगणक पाच-सात वर्षांत म्हातारा होतो. जुन्या मशीनला सीरियल पोर्टच्या केबलनेच प्रोग्रॅम जातो. तिथे एक्सपी चालूच ठेवलं जातं आणि ते समजण्यासारखं आहे, मात्र त्या संगणकाला इंटरनेटची वायर नको. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ला संपला. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर थैमान घातलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टला पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. दरवेळी तसं होईल असं धरून चालणं धोक्याचं आहे.

वेबसाइटची कथा थोडी निराळी. २००१मध्ये एक्सपीबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला आणि बराच काळ बहुतेकांच्या संगणकावर तोच होता. बँका, सरकारी खाती, कंपन्या यांनी आपल्या साइट त्याच्या लकबींना धरून बांधल्या. पुढचा ब्राउझर वेबचे ठरलेले नियम नीट पाळू लागला, तशी ही पानं विस्कटू लागली. मग २००९च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८मध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारी फाटक्या कागदाचं एक चित्र आलं. त्यावर टिचकी मारली की ब्राउझर जुन्या पद्धतीने पान मांडून दाखवी. टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांना आणि करसल्लागारांच्या ऑफिसातल्या मंडळींना हे चित्र चांगलं ठाऊक होतं. डीएससीच्या टोकनमधली डिजिटल सही साइटवर उमटवायला अॅक्टिव्हएक्स किंवा जावाचं प्लगइन लागे. २०१५मध्ये क्रोमने आणि २०१७मध्ये फायरफॉक्सने अशा प्लगइनला दार बंद केलं, तेव्हा अशा सहीपुरता इंटरनेट एक्स्प्लोररच उरला.

१५ जून २०२२ला तोही निवृत्त झाला. पण त्याचं पान मांडणारं इंजिन एज ब्राउझरच्या आत अजून जिवंत आहे आणि किमान २०२९पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. एजच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली साइटचा पत्ता नोंदवायचा, की ते पान जुन्या इंजिनात उघडतं. ही नोंद ३० दिवसच टिकते. महिन्याने साइट एकाएकी बंद पडल्यासारखी वाटली तर टोकनला किंवा नेटला दोष देण्याआधी ती यादी पाहावी. मोठ्या कंपन्या सगळ्या संगणकांसाठी एकच कायमची यादी करून ठेवतात, त्यांना हा त्रास नाही.

इथपर्यंत प्रश्न प्रोग्रॅमचा होता. मराठी दुकानातलं खरं दुखणं याच्या पुढे सुरू होतं. पेजमेकर उघडला, फाइल उघडली, आणि पडद्यावर पत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा काला. ऑपरेटर म्हणतो, ‘फॉन्ट उडाला’.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये मराठी अक्षरं मुळात साठवलेलीच नसतात. संगणकाच्या लेखी तो रोमन मजकूर असतो, फॉन्ट फक्त त्याला देवनागरी रूप चढवतो. कृतीदेव ०१० या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, कॅपिटल बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. श्रीलिपी, शिवाजी, सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची वाटणी आपापली. एकाचा मजकूर दुसऱ्यात टाकला की अर्थाचा चुराडा. इथे कुठल्याच सेटिंगचा इलाज चालत नाही, कारण बिघाड प्रोग्रॅमात नसून मजकुरातच आहे.

विंडोज २०००पासून युनिकोडमधली देवनागरी आणि तिच्यासाठी र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट आला. तरी एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे. पुष्कळ दुकानांनी ती कधी घातलीच नाही. मग जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर आले, आणि त्यांचं काम नुसतं अक्षराला अक्षर लावण्याचं नाही. टाइपरायटरच्या सवयीने ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप होते आणि ‘कि’मधला क नंतर. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत शेवटी पडतो, युनिकोडमध्ये तो म-च्या आधीचा पाय मोडलेला र असतो. कन्व्हर्टर या उड्या चुकला की ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. हजार पानांच्या ग्रंथात असे शब्द डोळ्यांनी शोधणं हे आज मराठी मुद्रितशोधकाचं एक मोठं काम आहे, आणि त्याचा मोबदला सहसा वेगळा धरला जात नाही. तो धरला पाहिजे.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळं सुटत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र, जो मराठीला अत्यावश्यक आणि हिंदीला जवळपास अनोळखी, तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत नुक्त्याच्या ऱ-चा पाय मोडून. दुसरी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दुसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मुद्दाम ठेवलेली आहे. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. पण साधा शोध घेतला तर एकीत लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसरीत सापडत नाही.

पत्रिकेपुरतं मात्र एवढ्या खोलात जावं लागत नाही. जुना फॉन्ट पुन्हा बसवला, की पेजमेकरच्या पानावर गणपती, कुलदैवतांची नावं, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ सगळं जागेवर येतं. ऑपरेटर वधूवरांची नावं बदलतो, तारीख आणि मुहूर्त बदलतो, मामा-काकांची यादी वाढवतो. खाली कार्यालयाच्या पत्त्यात मागच्या वेळी ‘औरंगाबाद’ होतं. फेब्रुवारी २०२३पासून ते ‘छत्रपती संभाजीनगर’ झालं, पिनकोड तोच ४३१००१. एका शब्दाच्या जागी दोन आले, ओळ मावेना, पिनकोड खालच्या ओळीत घसरला. ऑपरेटर ती ओळ निवडतो, टाइप एका पॉइंटने कमी करतो, अक्षरांमधली जागा थोडी आवळतो. पिनकोड वर येतो. मग प्रिंट काढून तो नवरदेवाच्या वडिलांपुढे प्रूफ ठेवतो.