बाही भरते मागच्या बाजूने

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो तेव्हा सातवी-आठवीतली पोरं येता-जाता हात दुमडून बेटकुळी दाखवायची. मी म्हणायचो, आता हात सरळ कर आणि कोपराच्या वर, मागच्या बाजूला चाचपून बघ. तिथे बहुतेकांच्या बोटांना नुसतं कातडं लागायचं. दंडाच्या एकूण स्नायूंपैकी निम्म्याहून जास्त भाग हा या मागच्या ट्रायसेप्सचा. हाफ शर्टाची बाही भरते ती त्याच्यामुळे. पण आरशात दिसतो पुढचा बायसेप्स, म्हणून सगळी मेहनत त्याच्यावरच खर्च होते.

आता निवृत्त झालोय, तरी गल्लीतली मुलं येतातच. बारावी झालेली, पन्नास-पंचावन्न किलोची. काहींना जिमची फी परवडत नाही, काहींना तिथल्या धिप्पाड मंडळींसमोर उभं राहायची लाज वाटते. माझ्या अंदाजाने लाजणारेच जास्त. दोघांनाही मी सांगतो की पहिलं वर्ष घरातच निघेल. शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच इंग्रजांच्या तुरुंगात साधनांशिवाय व्यायाम करत होते. उंची ४ फूट ११ इंच. १९५२ साली लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत ते आपल्या गटात पहिले आले. आपल्याला तर घरात निदान पाण्याचा कॅन आहे.

मागच्या बाजूसाठी जोर. तालमीतला झोकदार जोर खांदे, पाठ आणि दम यांच्यासाठी उत्तमच, पण दंड वाढवायचाय तर साधा सरळ पुशअप काढा. तळवे खांद्यांइतक्याच अंतरावर किंवा किंचित जवळ, कोपरं बरगड्यांना लागून, खाली जाताना मनात तीन मोजायचे. बारक्या मुलाला असे पाचही निघत नाहीत. मग तो गुडघे टेकतो, कंबर झोल खाते आणि आठवड्याभरात कंटाळून सोडून देतो. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला हात टेकून तिरकं उभं राहावं. तेही जड गेलं तर भिंतीला. ओट्यावर सलग पंधरा स्वच्छ निघाले की पलंगाची कड, मग जमीन. जमिनीवरही पंधरा निघाले की पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक.

पुढच्या बाजूसाठी पाण्याचा कॅन. पाच लिटरचा, मूठ असलेला, तेलाचा रिकामा असतो तसला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दुकानातल्या डंबेल्सना जे जमत नाही ते याला जमतं: वजन अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवता येतं. तीन लिटरने सुरुवात करा. बारा वेळा सहज उचलला गेला की पुढच्या खेपेला अर्धा लिटर जास्त ओता. पूर्ण भरल्यावरही हलका वाटायला लागला तर पाणी काढून कोरडी वाळू भरा, त्याच कॅनचं वजन आठ किलोच्या आसपास जाईल. उचलताना कोपर कमरेशी खिळलेलं हवं. पाठीला झोका देऊन कॅन वर येत असेल तर व्यायाम कमरेचा होतोय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे कमजोर झालेले स्नायू असेच टप्प्याटप्प्याने वजन वाढवत भरून काढले. तत्त्व तेच, आपला कॅन स्वस्त.

याला ओढण्याच्या व्यायामाची जोड हवी. जुन्या चादरीच्या टोकाला जाड गाठ मारा, गाठ दाराच्या पलीकडे वरच्या फटीत अडकवा आणि दार लावून कडी घाला. दार आपल्यापासून लांब, पलीकडे उघडणारं असावं, नाहीतर ओढल्याबरोबर उघडून अंगावर यायचं. चादर धरून मागे रेला आणि छाती दाराकडे ओढा. पाय जितके दाराजवळ, तितकं जड.

किती करायचं, यावर तालमीतल्या आकड्यांचं फार दडपण असतं. अमुक पैलवान रोज हजार जोर मारायचा वगैरे. मारत असेल, पण त्याला आखाड्यात दम टिकवायचा होता. दंड वाढवायला सेटच्या शेवटी स्नायू खरोखर थकलेला लागतो, म्हणजे आणखी एखाद-दोनच निघाले असते इतपत. ते आठ वेळांत झालं काय, पंचविसात झालं काय, फारसा फरक पडत नाही. सलग शंभर निघत असतील तर वजन कमी पडतंय, बस्स. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, दोन सेटमध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या आठवड्यात दंड असे दुखतात की शर्ट चढवताना आई गं होतं. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. कोपराच्या सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र थांबायचं. पायांबाबत एवढंच सांगतो, बैठका सोडू नका.

आता खाणं. "सर, मी भरपूर खातो, पण अंगालाच लागत नाही," हे वाक्य प्रत्येकाचं. मी त्याला चार दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहून आणायला सांगतो. वहीत सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दोन पोळ्या, संध्याकाळी वडापाव आणि रात्री भूक नव्हती असं निघतं. स्नायू वाढवायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पंचावन्न किलोला ८८ ग्रॅम. चार अंडी म्हणजे २४, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सुके सोयाचंक्स २५, मूठभर शेंगदाणे सात-आठ, ज्वारीच्या तीन भाकऱ्या पंधराच्या आसपास. हिशोब इथेच जमला, आमटी-उसळ वेगळी. अंडी चालत नसतील तर शंभर ग्रॅम पनीर आणि फुटाणे. नुसती प्रथिनं मोजून पोट अर्धं ठेवलं तर काही होत नाही. भात, भाकरी, तूप नेहमीपेक्षा थोडं जास्त हवं आणि झोपही पुरेशी. आठवड्याला पाव किलो वजन वाढलं तर ठीक चाललंय.

मास गेनर नावाचे मोठाले डबे मी कुणाला घेऊ देत नाही. बहुतेकांत मुख्य माल साखरेसारख्या कर्बोदकांचा असतो. त्या पैशांत महिन्याचं दूध येतं. कुणी इंजेक्शनची गोष्ट काढली तर मी सरळ त्याच्या बापाला फोन करतो.

पहिला दीड महिना टेप फारशी हलत नाही. ताकद मात्र वाढते, कारण मेंदू आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकत असतो. नेमकं इथेच निम्मे गळतात. दंड महिन्यातून एकदाच मोजा, सकाळी, हात सैल सोडून, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. तीन महिन्यांत अर्धा इंच म्हणजे छान प्रगती.

एक गोष्ट मात्र पाळा. आधी बरा असलेला मुलगा अलीकडे काही कारण नसताना बारीक होत गेला असेल, खोकला किंवा ताप रेंगाळत असेल, सारखी तहान लागत असेल, तर कॅन खाली ठेवून आधी डॉक्टरकडे जायचं. क्षयरोग, मधुमेह, थायरॉईड तपासून घ्यायचे आणि मग व्यायामाचं बघायचं.