मूल बोलायला उशीर करते तेव्हा

मूल वर्षाचे झाले की एखादा शब्द बोलते. दोन वर्षांचे झाले की 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडते. तसे झाले नाही, तर घरात कुजबुज सुरू होते. "याचा बापही चौथ्या वर्षी बोलला." "वेखंड उगाळून चाटवा." "पोटुशी असताना सुनेनं ग्रहण पाळलं नाही." शेवटी सारा दोष आईच्या पदरात पडतो. ग्रहणाचा आणि बोलण्याचा काही संबंध नाही, हे आम्ही स्वच्छ सांगतो.

आधी मुलाचे कान तपासावेत. जे कानावर पडत नाही, ते तोंडात कुठून येणार? भांडे पडल्यावर मूल दचकते, म्हणून त्याला सगळे ऐकू येते असे समजू नका. मोठा आवाज कळतो, पण बोलणे पुसट ऐकू येते, असेही होते. मग कानाला यंत्र लावावे लागते. मुलगी असली की घरचे कचरतात. "लोक काय म्हणतील? उद्या हिचं लग्न कसं व्हायचं?" लग्नाला अजून वीस वर्षे असतात. बोलणे शिकण्याचे वय मात्र आत्ताच निघून जाते.

कान चांगले असले, तर बोलण्याचे उपचार करतात. त्या बाई मुलाला घेऊन सतरंजीवर बसतात. चेंडू, बाहुली, भातुकली काढतात. खेळता खेळता बोलतात. बाप दारातून पाहतो नि म्हणतो, "गोळी नाही, सुई नाही. नुसतं खेळवायला मजुरी बुडवून आलो का?" त्याला हसू नये. औषध म्हणजे गोळी नि सुई, हेच आपण लहानपणापासून पाहिले. पण इथे खेळ हेच औषध आहे, आणि ते रोज घरी द्यायचे आहे.

घरी आडवी येते ती माया. मुलाने माठाकडे बोट केले, की आजी भांडे भरून देते. बाई सांगतात, "भांडं हातात धरा, 'पाणी' म्हणा, जरा थांबा. नुसतं 'पा' म्हणालं तरी लगेच द्या." आजी चिडते. "तहानलेल्या लेकराला तंगवता?" दारी आलेल्या परक्यालाही आधी पाणी देणारी आपली माणसे. तिला तसे वाटणारच. थांबायचे ते पाच-दहा अंक मोजेपर्यंत. मूल काही बोलले नाही, तरी पाणी द्यायचेच. हे सुनेने सांगून आजीला पटत नाही. म्हणून आजीलाच एकदा उपचाराला न्यावे. तिच्या मांडीवरची गाणी, बोटांचे खेळ बाईंना हवेच असतात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. पैसे पडत नाहीत. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. 'अजून बोलत नाही' हे आपण होऊन सांगा. गर्दीत अबोल मूल 'गुणी आहे' म्हणून सुटून जाते.