युरिक अ‍ॅसिड आणि आतड्यातले जिवाणू

चारोटी नाक्यावरून एक रस्ता डहाणूच्या किनाऱ्याकडे उतरतो, दुसरा कासा-जव्हारकडे डोंगरात चढतो. किनाऱ्यावरची सुकी मासळी आणि गावातली ताडी, दोन्ही इथे मुबलक. अशा खाण्यापिण्याच्या माणसाचा पायाचा अंगठा एखाद्या रात्री लालबुंद होऊन सुजला, अंगावरची चादर लागली तरी जीव कळवळला, की रक्त तपासायला सांगतात आणि रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं निघतं. हाच गाउट. मग घरात पहिली बंदी येते ती वाल आणि तुरीच्या डाळीवर.

ही बंदी बहुतेक वेळा चुकीच्या पदार्थावर असते. अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांवर 12 वर्षं नजर ठेवलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट अधिक आढळला. प्युरिन, म्हणजे शरीरात ज्याचं युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक, असलेल्या भाज्या-कडधान्यांचा तसा संबंध दिसला नाही. दारूचं मात्र वेगळं. तिच्यामुळे युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होतं, शिवाय लघवीवाटे कमी बाहेर पडतं. ताडीतही अल्कोहोल असतंच.

बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक अ‍ॅसिड मोडणारं युरिकेज हे विकर असतं. आपल्या पूर्वजांनी ते सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी गमावलं. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरमागे 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे सुईसारखे स्फटिक बनू शकतात. अंगठ्याचा सांधा शरीराच्या मानाने थंड, म्हणून ते तिथे लवकर साचतात.

रोजच्या युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडं बाहेर टाकतात. उरलेलं आतड्यात उतरतं, आणि इथे जिवाणूंचं काम सुरू होतं. युरिकेजला ऑक्सिजन लागतो, मोठ्या आतड्यात तो जवळपास नसतोच. तरीही तिथले जिवाणू युरिक अ‍ॅसिड फोडतात. कसे, ते स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं: या जिवाणूंकडे जनुकांचा एक वेगळा संच असतो, आणि त्याच्या जोरावर ते युरिक अ‍ॅसिडचं झँथिन किंवा आतड्याला उपयोगी अशी लहान मेदाम्लं बनवतात. युरिकेज नसलेल्या उंदरांना प्रतिजैविकं देऊन हे जिवाणू मारले, तेव्हा त्यांच्या रक्तातलं युरिक अ‍ॅसिड भयंकर वाढलं. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंना मारणारी प्रतिजैविकं घेतलेल्या माणसांतही गाउटचा धोका जास्त दिसला. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आतड्यात कुठले जिवाणू टिकतात, ते आहारावरही ठरतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू ठळकपणे आढळले होते. भरड धान्य आणि कंदमुळांतला तंतू अशा जिवाणूंच्या पोषणाला लागतो. नाचणीची भाकरी हा आहार चारोटीच्या घराघरात आहे, तो सोडायचं कारण नाही.

जिवाणूंची गोळी खाऊन गाउट बरा होईल, असं आज कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेलं, युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल मनाने बंद करू नका, ताडी-दारू टाळा, आणि साध्या सर्दीसाठी दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी मागून घेऊ नका.