मार्लोचे असत्य

थेम्स नदीच्या मुखाजवळ एक लहानसे शिडाचे जहाज नांगर टाकून उभे आहे. संध्याकाळ होत आली आहे. ओहोटी लागल्याखेरीज पुढे जाता येत नाही. म्हणून त्यावरील पाच स्नेही स्वस्थ बसले आहेत. त्यांपैकी मार्लो नावाचा खलाशी आपल्या एका जुन्या प्रवासाची हकीकत सांगू लागतो. जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही लघुकादंबरी अशी सुरू होते. ती १८९९ मध्ये एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली.

कॉनरॅड जन्माने पोलिश. इंग्रजी भाषा त्यांनी विशी उलटल्यावर आत्मसात केली, तीही जहाजावर काम करता करता! १८९० मध्ये ते आगबोटीवरील नोकरीसाठी आफ्रिकेतील कांगो नदीवर गेले होते. तो विस्तीर्ण प्रदेश त्या काळी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. या राजाने तेथे कधी पाऊलही ठेवले नाही. गुलामांचा व्यापार बंद करावा आणि सुधारणेचा प्रकाश पसरावा, हाच आपला हेतू आहे, असे तो जगाला सांगे. प्रत्यक्षात मात्र हस्तिदंत आणि रबर यांच्यासाठी तेथील प्रजेला वेठीस धरले जाई.

कादंबरीत कांगोचे नाव कोठेही येत नाही. तथापि मार्लो जातो तो याच नदीवर. असत्याचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. तेथे पोहोचताच त्याला साखळदंडांनी जखडलेले मजूर दिसतात, झाडांच्या सावलीत मरणाची वाट पाहत पडलेली माणसे दिसतात; आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर परीटघडीचे कपडे घालून कंपनीचा जमाखर्च बिनचूक लिहीत बसलेला हिशेबनीसही दिसतो. हिशेबाच्या वह्यांत एकही चूक नाही, हेच त्या दृश्यातील सर्वांत भयानक होय.

नदीच्या वरच्या अंगाला कुर्ट्झ नावाचा अधिकारी आहे. तो वक्ता आहे, चित्रकार आहे, उदात्त विचारांचा म्हणून त्याची ख्याती आहे. तेथील लोकांच्या सुधारणेसाठी त्याने मोठा ओजस्वी अहवाल लिहिला आहे. परंतु जेथे कोणी जाब विचारणारा नाही, शेजारी नाहीत, शिपाई नाही, तेथे त्याचा लोभ मोकाट सुटतो. त्याच अहवालाच्या तळाशी, थरथरत्या हाताने, त्या सर्वांचा संहार करावा असे तो लिहून ठेवतो. परतीच्या वाटेवर आगबोटीतच त्याला मृत्यू येतो. मरताना त्याच्या तोंडून आपल्या जीवनातील भीषणतेचाच उद्गार निघतो. निदान अखेरच्या क्षणी या माणसाने स्वतःला ओळखले, असे मार्लोला वाटते.

पुढे कुर्ट्झची वाग्दत्त वधू मार्लोला विचारते, “त्यांचे शेवटचे शब्द कोणते?” असत्याचा तिटकारा असलेला मार्लो सांगतो, “तुमचे नाव.”

येथे धर्मराजाच्या अर्धसत्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण धर्मराज बोलला तो युद्धातील विजयासाठी; मार्लो बोलतो तो दयेपोटी. ही दयाही मोठी महाग पडते. कुर्ट्झ थोर होता, त्याचे कार्य थोर होते, हा त्या स्त्रीचा समज तसाच राहतो; म्हणजे राजाचेच असत्य तिच्या घरात सुखाने नांदते. शिवाय कुर्ट्झचा अहवाल दुसऱ्याच्या हाती देताना मार्लोने त्याच्या तळाचा तो मजकूर फाडून टाकलेला असतो, ही बाब पुष्कळ वाचकांच्या नजरेतून सुटते. आरंभीचा मार्लो असे करता ना. मात्र जे त्या स्त्रीला सांगितले नाही, ते तो जहाजावरील मित्रांना सारे सांगतो. अर्थात ते आपल्यालाही कळते.

प्रत्यक्ष कांगोचे सत्य फार काळ झाकून राहिले नाही. कॉनरॅड यांना १८९० मध्ये तेथे भेटलेले रॉजर केसमेंट पुढे ब्रिटिश वकील म्हणून त्या मुलुखात फिरले. लोकांच्या तोंडून ऐकलेल्या अत्याचारांचा त्यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९०८ मध्ये तो प्रदेश राजाकडून काढून बेल्जियम सरकारने आपल्याकडे घेतला.

कॉनरॅड यांच्या कादंबरीत मात्र तेथील माणसे जवळजवळ मुकीच आहेत. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ मधील एका व्याख्यानात या उणिवेवर कठोर टीका केली, आणि ती रास्त आहे. त्यांची स्वतःची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात इग्बो लोकांचे एक गाव आपले सण, न्यायनिवाडे आणि म्हणी यांसह वाचकाशी मनमोकळे बोलते.