पडद्यावरचा ठोसा, घरातला ठोसा

२०१४ साली आलेला प्रियांका चोप्राचा ‘मेरी कोम’ आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. असा सिनेमा बघताना कुणीतरी हमखास विचारतं, “अगं, हे खरंच एवढं मारतात का?” आज त्याबद्दलच बोलू या.

सिनेमातला ठोसा सहसा लागत नाही. कॅमेरा एका खेळाडूच्या पाठीमागे ठेवतात. त्यामुळे मूठ आणि गाल यांच्यामधली जागा आपल्याला दिसतच नाही. समोरचा नेमक्या क्षणी मान झटकतो आणि ‘धप्’ असा आवाज मागाहून भरतात. लेझीम बसवतो ना आपण, तशी ही मारामारी बसवलेली असते. कुणाचा हात कधी उठणार, कुणी कुठे सरकणार, सगळं ठरलेलं. १९७६ च्या ‘रॉकी’ या अमेरिकी सिनेमातल्या शेवटच्या लढतीचे ठोसे सिल्वेस्टर स्टॅलनने आधी कागदावर लिहून काढले होते. त्या लढतीत रॉकी हरतो. पण निकाल पुकारत असताना तो एड्रियनला, आपल्या प्रेमाच्या माणसाला, हाका मारत असतो. मग आपल्यालाही निकालाचं काही वाटत नाही.

आता दुसरा सिनेमा सांगते, १९८० चा ‘रेजिंग बुल’. जेक लामोटा या खऱ्या मुष्टियोद्ध्याची ही गोष्ट. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी. सिनेमा जवळजवळ सगळा काळा-पांढरा, म्हणून रक्ताऐवजी चॉकलेटचा पाक वापरला तरी चालून गेलं. कॅमेरा थेट दोरांच्या आत नेला. एका लढतीत रिंगण ऐसपैस दिसतं, तर दुसरीत अंगावर आल्यासारखं. ठोशांच्या आवाजासाठी खरबुजं फोडली. घाम, धूर, मधूनच संथ होणारी हालचाल, हे सगळं जोडून त्याला लय दिली ती एका बाईने. थेल्मा स्कूनमेकर तिचं नाव. त्या संकलनासाठी तिला ऑस्कर मिळालं.

पण मला सांगायचंय ते पुढेच आहे. हा जेक घरीही हात उचलतो. टीव्ही दुरुस्त करता करता त्याच्या डोक्यात संशय शिरतो, बायको आणि सख्ख्या भावाबद्दल. मग तो भावाच्या घरात घुसून, मुलं जेवायला बसलेली असताना, भावाला मारतो. मध्ये पडलेल्या बायकोलाही ठोसा मारून पाडतो. रिंगणातल्या मारामारीला जो थाट दिला, तो इथे नाही. साधं घर, साधा उजेड, आरडाओरडा. बघताना टाळी वाजत नाही, पोटात गोळा येतो.

दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केलंय. रिंगणात दोघं आपल्या मर्जीने उतरतात, पंच असतो, घंटा झाली की हात थांबतात. घरात यातलं काहीच नसतं.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गटात सिनेमा लावाल तेव्हा एवढं बघा: बाईवर हात उचलला जातो, तेव्हा मागे वाजणारं संगीत कुणाची बाजू घेतं? मारणाऱ्याचा रुबाब दाखवलाय, की मार खाणारीचा चेहरा? त्यावर सगळ्याजणी मिळून बोला. आणि बोलता बोलता कुणी गप्प झाली, तर तिच्या शेजारी जाऊन बसा. १८१ हा महिला मदतीचा नंबर तिला माहीत असू द्या.