रत्नागिरीचा सडा : ओसाडीतील समृद्धी

रत्नागिरी म्हटले की परगावच्या माणसाला हापूस आंबा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि रत्नदुर्गाच्या पायथ्याशी फेसाळणारा समुद्र आठवतो. जुन्या रत्नागिरीकराला मात्र यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट तितकीच आपली वाटते. ती म्हणजे सडा. किनारा सोडून चढण चढले की जांभ्या दगडाचे जे विस्तीर्ण, सपाट पठार लागते, त्यास कोकणात सडा म्हणतात. मे महिन्यात तो काळवंडलेला, तापलेला आणि निर्जन दिसतो. महसुली दप्तरात लागवडीस अयोग्य अशा जमिनीची नोंद 'पोटखराबा' या नावाने होते. येथील रहिवाशांना सड्याच्या बाबतीत हा शब्द अन्यायकारक वाटतो, आणि त्यास सबळ कारणे आहेत.

पहिले कारण पाण्याचे. रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तरीही उन्हाळ्यात जिल्ह्यातील अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे बरेचसे पाणी वाहून जाते. जे टिकते, त्याचा मोठा वाटा सच्छिद्र जांभ्यात मुरून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो. सडा खणला वा सपाट केला की खालच्या वाडीतील विहीर लवकर आटते, हा जुन्या पिढीचा अनुभव या नात्यातूनच आलेला आहे.

दुसरे कारण सौंदर्याचे. श्रावण-भाद्रपदात याच कातळावर वीतभरही उंच नसलेल्या वनस्पतींचा गालिचा पसरतो. सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले, पांढरे गेंद, कीटकांना चिकट थेंबांत पकडणारी दवबिंदू वनस्पती, असे हे वैभव काही आठवड्यांचेच असते. यांतील काही वनस्पती तर कोकणाच्या कातळांखेरीज अन्यत्र क्वचितच आढळतात.

तिसरे कारण इतिहासाचे. सड्यावर प्राचीन मानवाने हत्ती, मासे, पक्षी आणि मानवाकृती कोरून ठेवल्या आहेत. गुराख्यांना त्या परिचित होत्या. अभ्यासकांनी गावोगावी फिरून त्यांचा शोध घेतला. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील या कातळशिल्पांचा समावेश झाला. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी आणि जांभरुण ही गावे त्या यादीत आहेत. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे हेही आहे. गोठण म्हणजे गुरांची विसाव्याची जागा. सड्याशी असलेले माणसाचे नाते असे गावाच्या नावातच जपले गेले आहे.

हे नाते सणांतही दिसते. शिमग्यात ग्रामदेवता पालखीत बसून घरोघरी भक्तांच्या भेटीस जाते, आणि मुंबईचा चाकरमानी त्यासाठी आवर्जून गावी येतो. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होतो. पावसाळ्यात मासेमारी थांबवण्याची परंपरा मच्छीमारांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. आज कायद्यानेही त्या काळात यांत्रिक नौकांना बंदी असते. समुद्राला विसावा हवा, हे ज्या समाजाला उमगले, त्याला सड्याचे मोल कळणे अवघड नाही.

प्रश्न मात्र सोपा नाही. रत्नागिरीची घरे याच जांभ्याच्या चिऱ्यांनी उभी राहिली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ साली येथे आणले गेले. त्याच्यासाठी पुढे बांधलेल्या राजवाड्यालाही जांभाच उपयोगी पडला. कातळात खड्डे घेऊन, त्यांत माती भरूनच आंब्याच्या अनेक बागा फुलल्या. सड्याला हातच लावू नये, असे म्हणूनच येथे कोणी म्हणत नाही. रहिवाशांचा आग्रह एवढाच, की चिरेखाण, बाग वा भूखंड पाडण्यापूर्वी खाली कोणती विहीर आहे आणि वर कोणते चित्र आहे, हे पाहिले जावे. यंत्राने काही तासांत सपाट केलेला सडा पुन्हा घडवता येत नाही.

पर्यटक बहुधा आंब्याच्या मोसमात येतात आणि समुद्र पाहून परततात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी एकदा तरी भाद्रपदात यावे, एखाद्या जाणत्या गावकऱ्यास सोबत घ्यावे आणि फुले न तुडवता सड्यावरून चालावे. पोटखराबा म्हणून नोंदलेली जमीन गावाच्या पोटापाण्याची कशी सोय करते, हे तेथे प्रत्यक्ष दिसेल.