मागच्या सीटवर कळणारं दुखणं

दिवाळी आटोपली की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि घरं लेकी-जावयांनी भरलेली. या दिवसांत आमच्या २००४ सालच्या इंडिकेत पाच माणसं कधीच बसत नाहीत. सात बसतात, वर डिकीत नव्या तांदळाचं पोतं. गेल्या मंडईला असेच गोंदियाहून अर्जुनी-मोरगावला निघालो होतो. गोरेगाव मागे पडलं, मुर्दोलीचं जंगल लागलं आणि मागून आत्याबाईंचा आवाज आला, "बापू, पुढच्या खेपेला मी एस्टीनं येईन."

मला काहीच जाणवलं नव्हतं. मागचे शॉकप एका दिवसात मरत नाहीत. वर्षानुवर्षं रोज थोडे थोडे जातात, आणि गाडी चालवणारा रोज थोडा थोडा सवयीचा होतो. खड्डा दिसला की तो नकळत वेग कमी करतो, वळणावर स्टिअरिंग जरा आधीच सोडतो. गाडीचं दुखणं तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि वर "गाडी एकदम टकाटक" म्हणून सांगतो. मागच्या सीटवर वर्षातून दोनदा बसणाऱ्या माणसाला मात्र सगळं कळतं.

दुसऱ्याच आठवड्यात गाडी बालाघाट रोडवरच्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही की गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवले, सगळा भार टाकून दाबलं आणि सोडलं. शाबूत शॉकपची गाडी एकदा वर येते आणि जागेवर बसते. आमची वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली. "गाडी डुलून रायली न भाऊ," मिस्त्री म्हणाले. "स्प्रिंग नाही गेली. स्प्रिंगले धरणारा गेला."

मग त्यांनी मला खराब रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटर फिरवून आणलं आणि उतरल्या उतरल्या दोन्ही मागच्या चाकांआड हात घालायला लावला. डावा शॉकप कोमट होता. उजवा गारच. या यंत्राची सगळी विद्या त्या कोमटपणात आहे. 'शॉक अॅब्सॉर्बर' हे पूर्ण नाव सांगतं की हा धक्का पितो, पण ते अर्धंच खरं. धक्का घेते स्प्रिंग. शॉकप गिळतो तो धक्क्यानंतरचा नाच. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. चाक वरखाली झालं की तेलाला त्या भोकांतून जीव काढत जावं लागतं, आणि उसळीची ताकद तेलाच्या उष्णतेत विरते. झडपा अशा लावलेल्या असतात की रॉड आत सहज जावा, बाहेर येताना मात्र अडावा. दबलेल्या स्प्रिंगनं गाडी उसळवू नये म्हणून. तेल फेसाळू नये यासाठी हल्ली आत नायट्रोजनही भरतात. रॉडभोवतीचं सील झिजलं की तेल पाझरतं, आणि आमच्याकडे त्यावर रस्त्याची धूळ न् राइसमिलचा कोंडा बसून काळा लेप तयार होतो. उजव्या शॉकपवर तो लेप बोटभर जाड होता.

इंडिकेची मागची बाजू जरा वेगळी आहे, म्हणून ही गोष्ट तिच्याच बाबतीत सांगण्यासारखी. मारुती ८०० ला मागे दोन्ही चाकं जोडणारा सरळ धुरा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला खबर लागते. इंडिकेचं प्रत्येक मागचं चाक स्वतंत्र, आपापल्या तिरक्या बाहूवर, आणि स्प्रिंग शॉकपच्या अंगावरच चढवलेली. मिस्त्री त्या अख्ख्या जोडणीला 'शॉकप असेंब्ली' म्हणतात. फायदा असा की डिकीत जागा राहते आणि मागचा माणूस सुखात बसतो. त्याची किंमत ओझं वाढल्यावर दिसते. बाहू वर उचलला जातो तशी चाकं वरून आत झुकतात, खालून बाहेर फाकतात. भरलेली जुनी इंडिका मागून बघा, म्हशीच्या फाकलेल्या पायांची आठवण होईल. आमचे मागचे टायर आतल्या कडेनं साफ गुळगुळीत होते. शिवाय मधूनमधून वाटीएवढे खळगे, कारण धरणारा नसला की चाक रस्त्यावर टेकून चालत नाही, टप्पे खात जातं.

ही गाडी खरं तर मागच्या सीटसाठीच जन्मली. झेनचा आकार, अँबेसेडरची ऐसपैस बैठक, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा खर्च, अशी रतन टाटांची मागणी होती. पुण्याच्या अभियंत्यांनी ती मनावर घेतली, बाह्यरूपासाठी इटलीच्या तुरीन शहरातल्या आयडिया या संस्थेची मदत घेतली, आणि ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजानं पुण्याला आणला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दिसली, त्या वर्षाच्या अखेरीस बाजारात आली. सुरुवातीला तक्रारी आल्या, दुरुस्त्या झाल्या आणि २००१ मध्ये व्ही-टू आली. मग ती टूरिस्टवाल्यांची लाडकी झाली. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं, पण एमएच ३५ च्या पाट्या लावलेल्या इंडिका गोंदिया-तिरोडा-देवरी रस्त्यांवर अजून दिसतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करा, पर्यावरण कर भरा, तरी माणसं सोडत नाहीत. मीही त्यातलाच.

मिस्त्रींनी पहिली अट घातली: बदलायची तर जोडी. डावा कोमट असला तरी तोही निघणार, नाहीतर एका अंगानं गाडी धरेल आणि दुसऱ्यानं सोडेल. दुसरी अट, जुन्यात तेल भरून आणायचं नाही. हा उद्योग मी आधी एकदा करून बसलो होतो. एका दुकानात जुनीच नळी कापून, तेल भरून, वेल्डिंग करून, वर काळा चकचकीत रंग मारून मिळाली. चार महिने चालली. त्या वाया गेलेल्या पैशांत एक टायर आला असता, असं गणित मला मिस्त्रींनी तेव्हाच ऐकवलं होतं.

या वेळी डबाबंद माल आणला. दुकानात 'गॅब्रियलचे द्या' म्हणणारा आणखी एक जण उभा होता. कंपनी कोणतीही असो, शॉकपला ते नाव इकडे चिकटलेलंच आहे. १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडात त्याचा भारतीय कारखाना सुरू झाला. मूळ अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचं. तिथला एक गृहस्थ आधी मोटारीच्या धुरावर वाजणारा भोंगा बनवायचा. देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून भोंग्याला नाव पडलं, आणि पुढे तेच नाव धक्के शमवणाऱ्या यंत्रावर आलं. भोंगा गेला, नाव राहिलं.

कामाला अख्खी सकाळ गेली. पुढच्या चाकांना दगड, मागून जॅक, जॅकवर भरवसा नको म्हणून खाली घोड्या. खालचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. आदल्या संध्याकाळीच त्यावर डिझेल सोडलं होतं, तरी पाइप चढवलेल्या पान्यावर दोघं लोंबकळले तेव्हा 'कर्र' झालं. बोल्ट निघण्याआधी बाहूखाली दुसरा जॅक टेकवला. बाहू खाली कोसळला तर ब्रेकचा पाइप ताणून तुटतो.

असेंब्ली बाहेर आल्यावर मिस्त्रींनी हाताखालच्या पोराला चहा सांगायला पिटाळलं. मला म्हणाले, "तुम्हीबी बाजूले व्हा." स्प्रिंगला दोन्ही अंगांनी आकडे लावले आणि आळीपाळीनं, एक फेरा इकडे एक तिकडे, आवळत गेले. दबलेली स्प्रिंग आकड्यातून निसटली तर थेट तोंडावर येते. वरचा नट सैल होईपर्यंत गॅरेजात कोणी बोललं नाही.

मग त्यांनी मला दोन्ही शॉकप शेजारी धरून दाखवले. जुन्याचा रॉड अंगठ्यानं आत ढकलला, तो आतच राहिला. नव्याचा दाबायला दोन्ही हात लागले आणि सोडल्यावर तो आपणहून सावकाश वर आला. नवा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण वरखाली केला, आतली हवा तेलातून निघावी म्हणून. वरचं रबर, आतला ठोकळा, धुळीचा बूट सगळं नवं. स्प्रिंगचं टोक थाळीच्या खाचेत बसलंय का ते बोटानं चाचपलं. खालचा बोल्ट मात्र हातानंच फिरवून सोडला. गाडी चाकांवर उतरवली, डिकीत पोराला बसवलं आणि मग तो आवळला. लोंबकळत्या चाकावर आवळला तर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि वर्षभरात फाटतं. घाईच्या गॅरेजात हीच पायरी गाळतात.

परत येताना रेल्वे फाटकाचे रूळ लागले. गाडी एकदा वर आली आणि बसली. त्या शांततेत डाव्या पुढच्या चाकातून 'टक्, टक्' ऐकू आलं. तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. म्हटलं, हा आवाज नवीन आहे.

"नवीन नाही भाऊ," ते म्हणाले. "मागचा धिंगाणा थांबला न, म्हणून ऐकू येऊन रायला."